खाल्लेली अक्षरे

"नीट बोल, अक्षरे खाऊ नकोस!" ही ताकीद ज्याने लहानपणी ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. घरी आजोबा, शाळेत मास्तर आणि गॅदरिंगच्या तालमीत नाटक बसवणारे गुरुजी, सगळ्यांचे या बाबतीत एकमत. दिवाळीच्या दिवसांत खाण्याच्या गोष्टींना तोटा नसतो. तेव्हा या खाण्याविषयीही चार शब्द लिहायला हरकत नसावी. मात्र ज्या पंगतीविषयी लिहिणार आहे ती आपली नव्हे, इंग्रजांची आहे. अक्षरे खाण्यात त्या लोकांचा हात धरणारा दुसरा कोणी निदान माझ्या माहितीत नाही.

घरातला कॉलेजात जाणारा मुलगा 'आय ॲम गॉना गो' म्हणाला की वडिलांच्या कपाळाला आठी पडते. 'गोइंग टु'चे हे काय धिरडे केले, असे त्यांना वाटते. पण त्या धिरड्यालाही नियम आहे. 'मी जेवणार आहे' या अर्थी 'आय ॲम गॉना ईट' चालते. 'मी पुण्याला चाललो' या अर्थी 'आय ॲम गॉना पुणे' असे कोणताही इंग्रज, कितीही अडाणी असला तरी, म्हणणार नाही. जिथे पायांनी जायचे असते तिथे 'गोइंग' शाबूत राहते. जिथे 'जाणे' नावापुरते उरून केवळ भविष्यकाळ दाखवते, तिथेच ते झिजते. आपण 'करतो आहे'चे 'करतोय' केले ते याच रीतीने. अर्थाचे वजन कमी झाले की शब्द अंग चोरतो. तोंडाच्या आळसाने हे होते असे म्हणणारा माणूस ऐकण्याचा आळशी असतो, एवढेच.

तेव्हा खातात सगळेच. प्रश्न आहे तो शिक्षा कोणाला होते याचा. ही शिक्षा ठरवण्यात व्याकरणकारांइतकाच कथाकार-नाटककारांचाही वाटा आहे, आणि या लेखाची खरी तक्रार त्यांच्याविषयी आहे.

आधी थोडी गंमत. आपण रोज ज्या 'बस'ची वाट पाहतो, तो शब्द म्हणजे निव्वळ एका प्रत्ययाचा तुकडा आहे. लॅटिनमध्ये 'ऑम्निस' म्हणजे सर्व, आणि 'ऑम्निबस' हे त्याचे चतुर्थीचे अनेकवचन : सर्वांना, सर्वांसाठी. 1828 साली पॅरिसमध्ये आणि 1829 साली लंडनमध्ये या नावाच्या घोडागाड्या भाडे घेऊन धावू लागल्या. लोकांना घाई होती. त्यांनी शब्दाचे डोके आणि धड उडवून शेपूट तेवढे ठेवले. उद्या आपण 'सर्वांना' या शब्दातला 'ना' तेवढा राखून 'आज ना उशिरा आली', 'मला ना मिळाली नाही' असे म्हणू लागलो तर जसे होईल, तसेच ते झाले. मुंबईत 1926 साली मोटारबस सुरू झाली तेव्हा हे शेपूट आपल्याकडे आले, आणि आपल्याला बसमध्ये 'बस' म्हणण्याची आयती सोय झाली. लॅटिनच्या पंडिताने कपाळ बडवून घ्यावे असा हा शब्द. पण 'मी विभक्तीच्या प्रत्ययाची वाट पाहतो आहे' अशी खंत कोणी बाळगल्याचे ऐकिवात नाही.

'गुडबाय'चेही तसेच. 'गॉड बी विथ यी', देव तुझ्या पाठीशी असो, हा पुरा आशीर्वाद. सोळाव्या शतकापासून तो आकसत गेला आणि 'गुड मॉर्निंग', 'गुड नाइट' यांच्या संगतीने देवाचा 'गुड' झाला. आता तर 'बाय' एवढेच उरले आहे. 'मॅडम'ची गोष्ट त्याहून लांबची. लॅटिन 'मेआ डॉमिना', माझी स्वामिनी. तिचे फ्रेंचांनी 'मा दाम' केले. इंग्रजांनी 'मॅडम' आणि मग 'मॅम'. शेवटी मोलकरणीच्या 'येस्म' या उत्तरात त्या स्वामिनीचा एक ओठ मिटलेला 'म' तेवढा शिल्लक राहिला. आपण मराठी माणसांनी मात्र 'मड्डम' करून तिला ठसठशीत 'ड्ड' बहाल केला. 'मॅजिस्टर'चा 'मास्टर', त्याचा झिजलेला 'मिस्टर', 'मिस्ट्रेस'ची 'मिसेस' आणि तिचीच तोडलेली 'मिस', अशी ही वंशावळ आहे. 'मिसेस' लिहिताना मधे एक 'आर' घालतात. तो केवळ पूर्वजांच्या श्राद्धापुरता, उच्चारात त्याला पान वाढत नाहीत. आपले मास्तर इंग्रजी 'मास्टर'चे आणि आपला मिस्त्री पोर्तुगीज 'मेस्त्रे'चा. दोघेही त्याच लॅटिन गुरूचे वंशज. एकाने हातात छडी धरली, दुसऱ्याने थापी.

असल्या तोडमोडीवर पहिला मोठा हल्ला केला तो 'गलिव्हर'कर्त्या जोनाथन स्विफ्टने. 1710 साली 'टॅटलर' या पत्रात त्याने एक लेख लिहिला. शब्दांचे पहिले अक्षर घेऊन उरलेले फेकून देण्याची जी टूम निघाली होती तिच्यावर त्याचा राग होता. 'मोबिले व्हुल्गुस', म्हणजे चंचल जमाव, या लॅटिन शब्दांचे लोकांनी 'मॉब' केले होते. 'पॉझिटिव्ह'चे 'पॉझ', 'रेप्युटेशन'चे 'रेप' झाले होते. 'कान्ट' आणि 'शान्ट' ही रूपेही त्याच्या डोळ्यांत सलत होती. दुसऱ्याच वर्षी ॲडिसनने 'स्पेक्टेटर'मध्ये हीच तक्रार केली. 1712 साली स्विफ्टने भाषा सुधारून कायमची स्थिर करण्यासाठी एक मंडळ नेमावे अशी सूचनाही छापून काढली. मंडळ झाले नाही. 'पॉझ' काळाच्या ओघात गेला. 'मॉब' मात्र राहिला, आणि 1755 साली डॉ. जॉन्सनच्या कोशात रुबाबात जाऊन बसला. ज्या जमावाने तो शब्द तोडला होता त्या जमावालाच त्या शब्दाची गरज होती, मग तो कसा जाईल?

स्विफ्टची पुढची गोष्ट मला फार आवडते. 1710 सालीच, त्याच सप्टेंबर महिन्यात, त्याने लंडनहून डब्लिनला एस्तर जॉन्सन आणि तिची सोबतीण यांना पत्रे लिहायला सुरुवात केली. 1713 पर्यंत ती चालली आणि पुढे त्याच्या मृत्यूनंतर 'जर्नल टु स्टेला' या नावाने प्रसिद्ध झाली. त्या पत्रांत मधूनमधून एक विलक्षण भाषा येते. शब्द मुरडलेले, तोडलेले, 'र'च्या जागी 'ल' घातलेले. आपल्याकडे आजी नातवाला 'माझा लाजा तो!' म्हणते ना, अगदी तसे. दिवसा 'कान्ट' आणि 'मॉब' यांच्या नावाने बोटे मोडणारा हा करारी धर्मगुरू रात्री मेणबत्तीच्या उजेडात स्वतः बोबडे बोल लिहीत होता. जुन्या संपादकांना ते इतके अवघड वाटले की त्यांनी जागोजागी ती बोबडी सुधारून टाकली. यात कोणी ढोंग पाहील. मला ते दिसत नाही. उलट बोलभाषेची जात स्विफ्टला पुरती ठाऊक होती असेच यावरून दिसते. जवळच्या माणसाशी बोलताना शब्द आखडतात, मऊ होतात, हे तो स्वतःच्या अंतःकरणाने जाणत होता. ती सूट त्याला स्टेलासाठी हवी होती, रस्त्यावरच्या माणसाला द्यायची नव्हती, एवढाच त्याचा दोष. पुढे पुष्कळ लेखकांनी तो दोष उचलला. त्याचे प्रेम मात्र उचलले नाही.

आता ज्या चिन्हाने हा सगळा पक्षपात छापखान्यात पोचला त्याच्याकडे वळू. अक्षराच्या डोक्यावर बसवलेला तो स्वल्पविराम, ॲपॉस्ट्रफी. आपल्याकडे 'सोऽहम्'मध्ये असते ते अवग्रहाचे चिन्ह काम तेच करते, इथे एक 'अ' होता हे सांगते. पण ते बिचारे निरुपद्रवी आहे. 'सोऽहम्' म्हणणाऱ्याला कोणी गावंढळ म्हणत नाही. इंग्रजी ॲपॉस्ट्रफी सोळाव्या शतकात फ्रेंचांकडून आली आणि हळूहळू पोलिसी कामावर रुजू झाली. बोलणाऱ्याने इथून एक अक्षर चोरले आहे असे ती वाचकाच्या कानात सांगते.

तिची साक्ष पुष्कळदा खोटी असते. 'देम'ऐवजी सामान्य माणूस 'एम्' म्हणतो, आणि लेखक पुढे ॲपॉस्ट्रफी टाकून 'दे' खाल्ल्याची नोंद करतो. वस्तुस्थिती अशी की त्या 'एम्'ला 'दे' कधी नव्हताच. जुन्या इंग्रजीतले मूळ सर्वनाम 'हेम'. चौदाव्या शतकात चॉसर तेच वापरतो. 'देम' हा उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आलेला पाहुणा. घरातला वृद्ध 'हेम' आपला 'ह' गाळून कोपऱ्यात बसून राहिला, आणि पाहुण्याचे अक्षर चोरल्याचा आळ त्याच्यावर आला! 'सिंगिंग'चे 'सिंगिन्' म्हणतात तिथेही 'जी' खाल्ल्याची खूण करतात. पण जुन्या इंग्रजीत धातुसाधित विशेषणाचा प्रत्यय 'एंडे' होता, 'इंग' हा नामाचा. दोन्ही एकमेकांत मिसळले, आणि 'इन्' हा उच्चार शतकानुशतके त्या जुन्या विशेषणाची आठवण सांभाळत राहिला. त्यातही मौज अशी की विलायतेतल्या बड्या जमीनदारांच्या तोंडीही हाच उच्चार होता. शिकार आणि मासेमारी यांच्या गप्पा मारताना त्यांनी 'जी'ला कधी थारा दिला नाही. डोरोथी सेयर्सच्या रहस्यकथांतला लॉर्ड पीटर विम्झी 'जी' गाळतो आणि खुशाल 'एन्ट' म्हणतो. ते लॉर्डाच्या तोंडी आले की ऐट, आणि भाजीवाल्याच्या तोंडी आले की अडाणीपणा.

'एन्ट'चा छळ तर सर्वांत अन्यायाचा. 'ॲम नॉट' आणि 'आर नॉट' यांच्यापासून सतराव्या शतकाच्या अखेरीस निघालेले हे रूप एके काळी भल्या घरांत नांदत होते. 'आय' या कर्त्याशी नकारार्थी प्रश्न करायला त्याच्याइतके सोयीचे दुसरे रूप नव्हते. शाळामास्तरांनी ते हुसकून लावले, आणि त्या रिकाम्या जागी आज सुशिक्षित इंग्रज 'आर्न्ट आय' म्हणतो. म्हणजे एकवचनी कर्त्याला अनेकवचनी क्रियापद! आपल्याकडे 'मी आहोत ना?' म्हणण्यासारखे हे आहे. 1961 साली अमेरिकेत वेब्स्टरच्या मोठ्या कोशाची तिसरी आवृत्ती निघाली. सुशिक्षित माणसेही बोलताना 'एन्ट' वापरतात अशी साधी नोंद तिच्यात होती, तर वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! जणू कोशकारांनी शब्द नोंदवला नव्हता, घरात चोर घेतला होता.

'आस्क'ऐवजी 'ॲक्स' म्हणणाऱ्या अमेरिकी कृष्णवर्णीयाला आजही हसतात. जुन्या इंग्रजीत दोन्ही रूपे शेजारी शेजारी होती, आणि कव्हरडेलच्या 1535 सालच्या बायबलात 'मागा म्हणजे मिळेल' या वचनात जे रूप आहे ते 'ॲक्स' हेच. खाद्यपदार्थांना जुना शब्द 'व्हिटल्स'. पंडितांनी लॅटिन मूळ दाखवण्यासाठी त्यात 'सी' कोंबला, 'यू' कोंबला. पुढे एखाद्या कादंबरीकाराने खेडुताच्या तोंडी तो उच्चाराप्रमाणे लिहिला की वाचक हसतो. पण त्या शब्दाचा शुद्ध उच्चार तोच आहे. कादंबरीकाराच्या बायकोचाही तोच. 'डेट', म्हणजे कर्ज, यातला 'बी' असाच पंडितांनी आणून बसवलेला. शेक्सपिअरने 'लव्ह्ज लेबर्स लॉस्ट'मध्ये होलोफर्निस नावाचा एक पंतोजी रंगवला आहे. लोक 'डेट' म्हणताना 'बी' उच्चारत नाहीत म्हणून त्याचा जीव वर-खाली होतो. नाटकात लोक त्या पंतोजीला हसतात. नाटक 1598 साली छापले गेले. त्या 'बी'चा उच्चार आजतागायत कोणी केलेला नाही.

उच्चार तोच ठेवून स्पेलिंग तेवढे मोडायचे, आणि बोलणारा अशिक्षित आहे असे भासवायचे, या युक्तीला जॉर्ज क्रॅप या अभ्यासकाने 1925 साली नाव दिले. त्याचा आशय असा, की ही बोली डोळ्यांची, कानांची नव्हे. गंमत म्हणून ही युक्ती कधी फळतेही. जगभर पसरलेले 'ओके' तिचेच अपत्य. बोस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीची आद्याक्षरे छापण्याची थट्टा चालली होती. तीत 23 मार्च 1839 रोजी 'ऑल करेक्ट'ची 'ओ' आणि 'के' ही चुकीची अक्षरे छापली गेली. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत व्हॅन ब्यूरेन यांच्या 'ओल्ड किंडरहुक' या टोपणनावाशी ती जुळली आणि टिकली. ॲलन वॉकर रीड यांनी 1963-64 मध्ये जुनी पत्रे चाळून हे सिद्ध केले. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांची केलेली नक्कल आज राष्ट्राध्यक्षही वापरतात. (जाता जाता : 'पॉश' हा शब्द हिंदुस्थानच्या बोटीवरील थंड बाजूच्या खोल्यांच्या तिकिटांवरून आला, ही मुंबईकरांची लाडकी कथा. तशी अक्षरे असलेले एकही तिकीट आजवर सापडलेले नाही. त्यापेक्षा 'पाल', म्हणजे दोस्त, या शब्दाची कथा खरी आणि गोडही. तो रोमानी लोकांच्या 'फ्राल'वरून आला. तो 'फ्राल' आणि आपला 'भाऊ' ही एकाच 'भ्रातृ'ची लेकरे.)

थट्टेत जे चालते ते कादंबरीत तपासून घ्यावे लागते. डिकन्सचे कान फार तयार होते यात शंका नाही. 'पिकविक पेपर्स'मधला सॅम वेलर 'व्ह'ला 'व' आणि 'व'ला 'व्ह' म्हणतो. ती लकब लेखकाने प्रेमाने ऐकली आहे; सॅम बोलू लागला की पुस्तकात दिवे लागतात. पण याच लेखकाचा ऑलिव्हर ट्विस्ट पाहा. अनाथालयात जन्मला, तिथेच वाढला, चोरांच्या टोळीत राहिला. आणि बोलतो कसा, तर एखाद्या धर्मोपदेशकाच्या घरी वाढल्यासारखा! त्याच्या भोवतालच्या पोरांची अक्षरे गळतात, याचे एकही गळत नाही. कारण तो नायक आहे आणि पुढे तो चांगल्या घरचा निघायचा आहे. रक्ताबरोबर व्याकरणही वारशाने येते, असे मानल्याशिवाय हे जमत नाही. सबंध कादंबरी दरिद्री मुलांच्या कैवारासाठी लिहिलेली, आणि तिच्या शब्दाशब्दांतून उलट साक्ष निघते. डिकन्सवर माझा कितीही लोभ असला तरी हे मला खुपत आले आहे.

मार्क ट्वेनने ही अढी एका धाडसाने सोडवली. 'हकलबरी फिन'ची कथा त्याने हक या उनाड पोराच्याच तोंडून सांगितली. 'एन्ट' म्हणणाराच जिथे निवेदक, तिथे त्याला तोलायला शेजारी शुद्ध भाषेचा काटाच नाही. या एका पुस्तकाने अमेरिकन कादंबरीला तोंड उघडून बोलायला शिकवले, असे मी म्हणेन. पण तिथेही बारीक नजरेने पाहावे. 'वॉज' हा शब्द हकच्या तोंडी डब्ल्यू-ए-एस असा सरळ छापला आहे. गुलामगिरीतून पळालेल्या जिमच्या तोंडी तोच शब्द डब्ल्यू-यू-झेड असा मोडून येतो. उच्चार दोघांचा एकच. ज्या माणसाला ट्वेनने पुस्तकातले सर्वांत मोठे मन दिले, त्याला साधे स्पेलिंग देताना त्याचा हात आखडला.

बर्नार्ड शॉ या सगळ्यांत अधिक चलाख. 'डोन्ट', 'वोन्ट', 'कान्ट' यांतल्या ॲपॉस्ट्रफी त्याने आपल्या नाटकांतून सरसकट काढून टाकल्या. त्या राजाच्या नाहीत आणि रंकाच्याही नाहीत. 'पिग्मॅलियन'मधल्या एलायझाचे उच्चार पहिल्या काही ओळींत त्याने जसेच्या तसे लिहून पाहिले, आणि लंडनबाहेर हे कोणाला समजायचे नाही अशी माफी मागून कंसातच तो नाद सोडला. ही माफी मला फार मोलाची वाटते. इंग्रजी उच्चारांवरच्या या नाटकाचा पहिला प्रयोग 1913 साली व्हिएन्नात, तोही जर्मन भाषेत झाला. लंडनला ते 1914 साली आले. त्याच्या तिसऱ्या अंकात एलायझा निर्दोष उच्चारांत आपल्या वस्तीतली भाषा बोलते, आणि हिगिन्स वेळ मारून न्यायला म्हणतो की ही गप्पांची नवी तऱ्हा आहे. क्लारा नावाची घरंदाज मुलगी ते खरे मानते आणि घरी जाताना तेच शब्द अभिमानाने वापरते.

पु. ल. देशपांडे यांनी 1975 साली 'ती फुलराणी' रंगभूमीवर आणली तेव्हा त्यांच्यापुढची अडचण शॉच्या अडचणीहून मोठी होती. मराठीत केवळ उच्चाराने माणूस ओळखला जात नाही; 'न' आणि 'ण' यांत सबंध समाजाची उतरंड बसलेली आहे. भक्ती बर्वे यांची मंजुळा ज्यांनी पाहिली त्यांना आठवेल, की प्रेक्षक पहिल्या अंकात तिच्या 'न'ला हसत होते. शेवटाकडे येईतो हसणे थांबे, आणि तिच्या भाषेचा तो जुना ठेचा प्रोफेसरांच्या मिळमिळीत शुद्धतेपेक्षा चवदार वाटू लागे.

आपल्या कथा-कादंबऱ्यांत अजून ऑलिव्हरचीच रीत चालते. मालक 'नाही' म्हणतो आणि गडी 'नाय' म्हणतो, असे छापलेले असते. शहरी, शिकलेला, वर्तमानपत्र वाचणारा मराठी माणूस घरात प्रत्यक्ष काय म्हणतो? 'नाई.' 'पाहिजे'चे तो 'पायजे' करतो. दोघांनीही 'ह' खाल्लेला आहे. छापताना एकाचा परत दिला जातो, दुसऱ्याचा नाही. महामंडळाच्या लेखननियमांनी संवादात 'असं', 'केलं' लिहायला मुभा दिली आणि बोलभाषेला घरात घेतले, पण ती मुभा ओसरीपर्यंतच पोचली.

खात्री करून घ्यायची असेल तर फराळाला बसल्यावर मंडळींच्या नकळत कान देऊन मोजावे, की 'आणखी एक घे'ला आलेल्या किती नकारांत 'ह' ऐकू येतो. आमच्याकडे हा प्रयोग झाला. चकल्यांचा डबा तळाला गेला, करंज्या संपत आल्या, तोवर एकही 'ह' ऐकू आला नव्हता. अखेर तो आला, आमच्या पाच वर्षांच्या नातीच्या तोंडून : तिला अनारसा अगदी नको होता, आणि तिने तीनदा, एकेक अक्षर तोडून, "ना-ही!" म्हटले.